नवं खुराडं घेण्याआधी जुनं कुठून मोडलं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा. गुहागरजवळ घर, मागे थोडं आवार, दहा कोंबड्या आणि दोन कोंबडे. निम्म्या गावठी, निम्म्या गिरिराज. ऑनलाइन मागवलेलं लाकडी खुराडं दुसऱ्या पावसाळ्यात खिळखिळं झालं. एका सकाळी आत दोन कोंबड्या मरून पडलेल्या दिसल्या, त्यातल्या एकीचं डोकंच नव्हतं. घरच्यांच्या मते हे मुंगसाचं काम. आता एकदाच काय तो खर्च करायचा पण टिकाऊ घ्यायचं असं ठरलंय. तयार लोखंडी पिंजरा घ्यावा, फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावं, की चिऱ्याचं, म्हणजे जांभा दगडाचं, बांधून काढावं, असं विचारलंय.

आधी मुंगसाची बाजू घेतो, कारण त्यावर पुढचं बरंच ठरतं. मुंगूस दिवसा फिरतं. ते कोंबडी उचलतं ते सकाळी दहाला नाहीतर दुपारी, कोंबड्या कुंपणाकडेला उकरत असताना. रात्री बंद खुराड्यात शिरून डोकं खाणारा पाहुणा बहुतेक वेळा रानमांजर किंवा उदमांजर असतो. उदमांजर झाडावरून छपरावर उतरतं आणि छपराची सैल कड शोधतं. म्हणजे तुमचं खुराडं खालून नाही, वरून किंवा दारातून उघडलं गेलं असण्याची शक्यता जास्त. दोघांनाही अडवायचं, पण जागा वेगळ्या. मुंगसासाठी दिवसाचं आवार हवं, मांजरासाठी रात्रीचं छप्पर आणि दार. नुसतं मुंगूस डोक्यात ठेवून भोवती चर खणत बसाल आणि पुढच्या अमावास्येला पुन्हा तेच.

आणि सापळा लावायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडा. मुंगूस, रानमांजर, उदमांजर या सगळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पकडणं, मारणं हा गुन्हा. आपलं काम दार लावण्याचं.

म्हणून पहिलं काम खरेदीचं नाही. ते मोडकं खुराडं अंगणात आणून उलटं करा आणि नीट बघा. पाय तळाशी कुजलेत का? जाळी लाकडाला कशाने लावली होती? बहुतेक अशा मालात ती स्टेपल पिनांनी मारलेली असते. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं, दोन हंगामांत पीन आपोआप बाहेर येते आणि जाळी नखाने सोलावी तशी सुटते. दार फुगून चौकटीत बसेनासं झालं होतं का, आणि मग तुम्ही ते दोरीने बांधायला लागला होता का? छपरावरचं डांबरी कापड खिळ्यापाशी फाटलं होतं का? मी आजवर जेवढी मोडकी खुराडी उलटी करून पाहिली, त्यांतली फारच थोडी मधोमध मोडलेली होती. फळी शाबूत, पाइप शाबूत, जाळीही शाबूत. गेलेला असतो तो सांधा. त्यामुळे ‘लाकडी की लोखंडी की चिऱ्याचं’ हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न, जोडलंय कसं.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येऊ.

बाजारात मिळणारा तयार लोखंडी पिंजरा, तळालाही जाळी असलेला, हा विक्रीच्या कोंबड्या चार दिवस ठेवायला ठीक. कायम राहायला नाही. गिरिराज वजनदार जात, मादीसुद्धा तीन किलोपर्यंत जाते. तिने तारेवर उभं राहून रात्री काढल्या की तळव्याला घट्टे पडतात, मग सूज, मग पू. शिवाय या पिंजऱ्यांच्या तारेवर जस्ताचा थर नावापुरता असतो. विष्ठा तारेवर साचून राहते, तिच्यातला ओलावा आणि अमोनिया मिळून ती तार आपल्या दमट हवेत फार लवकर खातात.

पूर्ण चिऱ्याचं खुराडं म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचं काम, असं आपल्याकडे मानतात. पडवीच्या कडेला दगडी खुराडं आणि वर पाटा हे मीही लहानपणी बघितलंय. त्यात एक गोष्ट पक्की शहाणपणाची होती: खुराडं माणसाच्या झोपण्याच्या जागेला लागून असायचं, त्यामुळे फडफड झाली की कोणीतरी उठायचं. पण आत वारा नाही, उजेड नाही, हात घालून जेवढं निघेल तेवढंच साफ व्हायचं. त्यात जांभ्याला भोकं असतात. त्या भोकांत कोंबडीची गोचीड दिवसभर लपून बसते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. दिवसा खुराडं तपासलं तर काही दिसत नाही, आणि कोंबड्या मात्र तुरा पांढरा पडून सुकत जातात. चिरा वापरायचाच तर आतून गिलावा हवा, घोटून गुळगुळीत केलेला.

मी तुमच्या जागी असतो तर मिश्र काम केलं असतं. खाली चिऱ्याचं जोतं, त्यावर चिऱ्याचे दोन थर आतून गिलावा करून, त्यावर चौकोनी पाइपची चौकट, जाळी आणि पत्रा. जमिनीला लागतं तिथे दगड, हवा हवी तिथे जाळी, आणि लोखंड ओल्या मातीपासून दीड-दोन फूट वर. लोखंडी खुराडी तळाच्या सहा इंचांत मरतात. तेवढा भाग दगडाचा केला की बाकीचं पुष्कळ वर्षं चालतं. घर भाड्याचं असेल किंवा जागा बदलायची शक्यता असेल तर चौकट जोत्यात गाडू नका, नटबोल्टने बसवा.

माप सांगतो. रात्रीपुरतं झोपायला मोठ्या पक्ष्याला दोन-अडीच चौरस फूट पुरतात, पुस्तकातही तेच असतं. पण कोकणात जुलै महिना नावाची वस्तू आहे. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात कोंबड्या दिवसचे दिवस आतच बसतात, आणि दाटीवाटीत बसल्या की एकमेकींची पिसं उपटतात, शेपटाजवळ रक्त काढतात. म्हणून बाराजणांना ४० चौरस फूट धरा, ८ बाय ५. हे माप निवडायला आणखी एक साधं कारण आहे. पाइप २० फुटी येतो. त्याचे ५-५ फुटांचे चार तुकडे होतात, किंवा ८, ८ आणि ४ होतात. पुढचे दोन खांब ७ फुटी आणि मागचा एक ६ फुटी हेही एका पाइपात बसतं. वाया काही जात नाही. जाळीचा रोल ३ किंवा ४ फूट रुंदीचा मिळतो, तेव्हा चौकटीचा गाळा त्याहून बोटभर कमी ठेवा, म्हणजे मधोमध जाळीला जाळी जोडावी लागत नाही. मधोमध जोड म्हणजे घुशीला आमंत्रण.

उंचीवर कंजुषी करू नका. पुढे ७ आणि मागे ६ फूट म्हणजे माणूस आत उभा राहून खराटा मारू शकतो. जे खुराडं वाकून, गुडघ्यावर बसून साफ करावं लागतं ते पहिले दोन महिने साफ होतं, नंतर होत नाही. तयार मालातली सुबक, कमरेएवढी खुराडी फोटोत छान दिसतात, पण श्रावणात त्यांच्या कोपऱ्यात काय साचतं ते विकणाऱ्याला बघावं लागत नाही.

पाइपबद्दल. खांबांना दीड इंची, बाकीला एक इंची चालेल, पण १६ गेज घ्या. गेज जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात असू द्या. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १८ म्हणजे १.२. डोळ्याला फरक कळत नाही, रंग लावल्यावर तर मुळीच नाही. वजनावर कळतो. एक इंची, २० फुटी पाइप १६ गेजचा असेल तर ७ किलोच्या आसपास भरतो, १८ गेजचा साडेपाचच्या आसपास. फॅब्रिकेशनवाल्याशी चौरस फुटावर भाव न ठरवता किलोवर माल अधिक मजुरी असं ठरवा आणि माल उतरल्यावर काट्यावर घाला. चांगला कारागीर याचा राग मानत नाही. पाइपची उघडी तोंडं टोप्या वेल्ड करून बंद करायला सांगा. उघड्या पाइपात पाणी जातं आणि तो आतून गंजतो, बाहेरचा रंग शाबूत असताना.

आता जाळी, जिच्यावर लोक सगळ्यात जास्त फसतात. षटकोनी कोंबडी-जाळी ही कोंबडीला आत ठेवायला असते, इतरांना बाहेर ठेवायला नाही. कुत्रा ती दाताने ओढून फाडतो. मी एका वाडीत कुत्र्याने रात्रीत पाडलेलं एवढं भोक बघितलंय की त्यातून घमेलं गेलं असतं. तुम्हाला हवी अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे आडव्या-उभ्या तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी भोकांची जाळी. पाऊण इंचाच्या भोकातून उंदीर सहज येतो, आणि उंदीर आला की त्याच्यामागे धामण येते. एक इंचीतून मांजर आत येत नाही, पण पंजा घालतं आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय ओढतं. सकाळी पाय नसलेली कोंबडी दिसली तर समजा, जाळीचं भोक मोठं आहे.

दुकानात जाळी हातात घेऊन तारा एकमेकींना चिकटतात ती जागा निरखून बघा. आधी वेल्ड करून मग जस्तात बुडवलेल्या जाळीत त्या जागी जस्ताचा छोटा गोळा दिसतो, रंग मळकट राखाडी आणि हाताला किंचित खरखरीत. आधी जस्त चढवलेल्या तारेची नंतर वेल्ड केलेली जाळी गुळगुळीत, चकचकीत असते आणि वेल्डपाशी बारीक काळपट ठिपका असतो. गंज त्या ठिपक्यापासून सुरू होतो. चकचकीत दिसते म्हणून लोक तीच घेतात.

ती चौकटीला लावायची पद्धत आणखी महत्त्वाची. कारागीर सवयीने जाळी चौकटीवर ठेवून टाके मारतो. प्रत्येक टाक्यावर जस्त जळतं आणि दुसऱ्या पावसात नेमकी तिथली तार तुटते. त्याला सांगा, जाळीला वेल्डिंग नको. २० मिलिमीटर रुंदीची लोखंडी पट्टी जाळीवर ठेवायची, पट्टी आणि चौकट यांच्यामध्ये जाळी दाबायची आणि दर सहा इंचांवर सेल्फ स्क्रू वॉशरसकट मारायचा. जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाला असू दे, म्हणजे बाहेरून कोणी ढुशी मारली तर ती पाइपवरच दाबली जाते. आठ-दहा वर्षांनी जाळी गेली तर पट्टी सोडवून नवी घालता येते, खुराडं तेच राहतं. कारागीर थोडा कुरकुरेल, कारण वेळ जातो. पण सगळ्या खुराड्यात एकाच गोष्टीसाठी भांडायचं असेल तर यासाठी भांडा.

रंगाचं काम जाळी बसवण्याआधी. वेल्डचे सांधे तारेच्या ब्रशने घासून काढायचे, रेड ऑक्साइडचा हात, वाळल्यावर वरून ऑइलपेंटचे दोन हात. पावसाच्या तोंडावर हे काम धरू नका; मार्चपर्यंत हातावेगळं झालं तर उत्तम, वास जायलाही वेळ मिळतो.

दिशा. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. उन्हाळ्यात कलतं ऊन थेट आत येत नाही, आणि आपला पाऊस पश्चिमेकडून, नैऋत्येकडून झोडपतो तेव्हा त्याच्यासमोर फक्त पाच फुटी आखूड भिंत येते. ती भिंत पूर्ण बंद करा, पत्र्याने किंवा चिऱ्याने. उत्तर-दक्षिण दोन्ही लांब बाजूंना चिऱ्याच्या वर सगळी जाळी. दक्षिणेला पावसाळ्यापुरता ताडपत्रीचा पडदा लावायचा, पण तो वरून खाली सोडायचा नाही. खाली पक्का बांधायचा आणि खालून वर ओढायचा, वळचणीखाली फूटभर जागा उघडी राहील इतकाच. गरम, दमट हवा आणि विष्ठेचा वास वरूनच निघतो. लोक उलटं करतात, वर बंद आणि खाली फट, मग पक्ष्यांच्या अंगावर झोत येतो आणि वास आतच राहतो. पहाटे दार उघडल्याबरोबर आत वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर वारा कमी पडतोय. थंडीची चिंता करू नका. कोरडी कोंबडी आपल्याकडची कुठलीही थंडी सोसते, ओली सोसत नाही. चौतीस-पस्तीस अंशांच्या पुढे मात्र चोच उघडून धापा टाकायला लागते. विदर्भात राहणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर तुमचा हिशोब वेगळा आहे, तुम्ही पावसापेक्षा मे महिन्याला धरून छप्पर उंच करा.

छपराला पत्रा. ०.५० मिलिमीटरचा रंगीत पत्रा चांगला, मागे उतार फूटभर, पावसाच्या बाजूंना वळचण दीड-दोन फूट बाहेर. उन्हाळ्यात पत्र्यावर नारळाच्या झावळ्या टाकल्या की आत चांगलाच फरक पडतो; मृगाआधी त्या काढून टाका, नाहीतर खाली कुजतात आणि पत्रा खातात. मंगलोरी कौलं थंड असतात हे खरं, पण उदमांजर कौल सरकवतं. कौलंच हवी असतील तर कौलांखाली जाळी पाहिजे. आणि पत्रा खिळ्यांवर सोडू नका, इंग्रजी ‘J’च्या आकाराचे हूक किंवा वॉशरचे स्क्रू वापरा, आणि चौकट जोत्याला बोल्टने धरलेली असू दे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे घरांचे पत्रे उडाले. खुराड्यांची तर कोणी मोजदादही केली नाही. पत्रा आणि भिंत यांच्यात पन्हळींमुळे ज्या अर्धगोल फटी राहतात त्या बुजवायला विसरू नका. जाळीची एक अरुंद पट्टी वाकवून तिथे बसवली की झालं. तुमचा रात्रीचा पाहुणा तिथूनच आला असेल, असा माझा अंदाज.

तळ. जोतं जमिनीपासून फूटभर वर, आत डबर भरून चोपायचं, वर सिमेंटचा कोबा, दाराकडे बोटभर उतार. कोबा झाला की खालून कोणी येत नाही, घूसही नाही. वर भाताचं तूस तीन-चार इंच. पावसाळ्यात तूस आठवड्यातून दोनदा उलटंपालटं करायचं, ओलं झालेलं लगेच काढायचं, थोडा चुना मारायचा. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, आणि बुरशी धरलेल्या तुसाने पिल्लांची फुप्फुसं धरतात. खुराडं कितीही भक्कम असो, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस ते देत नाही, ती तुम्हालाच द्यायची आहे.

बसायच्या दांड्यांना पाइप वापरू नका, बांबूही नको. पाइप निसरडा. बांबूच्या पोकळीत गोचीड राहते. दोन इंची लाकडी दांडा, वरच्या कडा रंध्याने गोल केलेल्या, भिंतीतल्या खाचेत नुसता ठेवलेला, खिळा न मारता. महिन्यातून एकदा उचलून उन्हात टाकता आला पाहिजे. प्रत्येकीला आठ-नऊ इंच जागा म्हणजे बाराजणांना नऊ फूट, तेव्हा आठ फुटी दांडे दोन. तुमच्याकडे जाती दोन आहेत, त्यामुळे उंचीही दोन ठेवा: मागचा साडेतीन फुटांवर गावठींसाठी, पुढचा दीड फुटावर गिरिराजसाठी. गावठी कोंबडी फणसावर चढून झोपणारी, तिला उंच जागा मिळाली नाही तर ती तुमच्या खुराड्यात येणारच नाही. गिरिराज उंचावरून उडी मारून पाय दुखवून घेते. दोन्ही दांडे एकाखाली एक नकोत, सव्वा फुटाचं अंतर राहू द्या, नाहीतर वरचीची विष्ठा खालचीच्या पाठीवर.

अंडी घालायच्या पेट्या तीन पुरतात, चार-पाच कोंबड्यांना एक या हिशोबाने. फूटभर लांब-रुंद, अंधाऱ्या बाजूला आणि दांड्यांपेक्षा खाली. पेटी उंच असेल तर कोंबड्या तिच्यातच झोपतात आणि अंडी माखतात. तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आडवे करून गावठीला चालतात, गिरिराजला आखूड पडतात. खुडूक बसलेल्या कोंबडीची सोय वेगळीकडे करा. पिल्लू अंडं फोडायला लागलं की मुंग्या येतात, तेव्हा तिच्या पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुनी पद्धत अजूनही सगळ्यात चांगली.

दारं दोन. माणसाचं दार पुरुषभर उंचीचं, बाहेर उघडणारं, खाली सहा इंचांचा उंबरा, म्हणजे तूस बाहेर सांडत नाही आणि दाराखाली फट राहत नाही. बिजागऱ्या तीन. एक अल्ड्रॉप, म्हणजे कुलूप घालायची आडवी कडी, मधोमध पुरत नाही, दाराचा खालचा कोपरा कुत्रा नाकाने वाकवतो. वर आणि खाली एकेक टॉवर बोल्ट वेगळा लावा. कोंबड्यांचं दार फूटभर चौकोनी, वर सरकणारं, दोन बाजूंना पट्टीच्या खाचा आणि खाली खाच नको. खाली खाच असली की तीत तूस भरतं, दार पूर्ण बसत नाही, आणि घाईच्या संध्याकाळी कोणी खाली वाकून बघत नाही.

सगळं झालं की कारागिराचे पूर्ण पैसे देण्याआधी एक चाचणी करा. अंधार पडल्यावर आत मोठा दिवा लावा, दारं बंद करून बाहेरून फेरी मारा. जाळी सोडून जिथून जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे करंगळी घालून बघा. गेली तर ती फट बुजवून घ्या.

आता दिवसाचं मुंगूस. त्यासाठी खुराड्याला जोडून जाळीचं आवार लागेल, निदान ८ बाय १०, वरूनही जाळी असलेलं, कारण शिक्रा पिल्लं वरून नेतो. खालचे तीन फूट अर्धा इंची, वर एक इंची चालते, तिथे पैसे वाचवा. मुंगूस उकरतं ते जाळीच्या अगदी पायथ्याशी. म्हणून जाळी खोल पुरण्यापेक्षा बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर दगड ठेवलेले बरे. एका पावसात गवत तिच्यातून वर येतं आणि ती दिसेनाशी होते. तुमची जागा सड्यावर असेल, खाली कातळ लागत असेल, तर हा खर्चही नको, नुसती कड सिमेंटने बुजवा. आवारातला दाणा-पाण्याचा कोपरा पत्र्याखाली घ्या. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आल्यापासून मी हे प्रत्येकाला सांगतो: रानपाखरांची विष्ठा आपल्या कोंबड्यांच्या दाण्यात पडता कामा नये.

बिबट्याचं विचारलेलं नाहीत, पण तिकडे त्याचा वावर असेल तर सांगतो, यातलं काहीही बिबट्याला पुरत नाही. खुराडं घराजवळ, दिव्याच्या उजेडात आणि झाडाझुडपांपासून दूर, एवढाच उपाय.

खर्च एकदम झेपत नसेल तर क्रम असा धरा: आधी जोतं, चौकट, छप्पर, अर्धा इंची जाळी आणि दारं. आवार पुढच्या वर्षी. तोवर कोंबड्या उशिरा सोडायच्या आणि घरात कोणी असेल तेव्हाच. पेट्या-दांडे घरच्या घरी होतात. जाळीच्या भोकात आणि पाइपच्या गेजात मात्र तडजोड नको; पाइप नंतर बदलता येत नाही, आणि जाळी बदलायची म्हणजे पुन्हा खर्च.

नव्या खुराड्यात कोंबड्या रात्री हलवा. अंधारात उचलून दांड्यावर ठेवल्या की गोंधळ घालत नाहीत. मग तीन-चार दिवस आतच ठेवा, दाणापाणी आतच द्या, त्यानंतर संध्याकाळी, अंधाराच्या तासभर आधी सोडा. अंधार पडायला लागला की आपणहून परत येतात. एखादी गावठी हट्टाने जुन्या जागी जाऊन बसेल, तिला उचलून आणावं लागेल काही दिवस.

आणि जुन्या खुराड्याचं लाकूड नव्यात कुठेही वापरू नका, दांड्यालासुद्धा नाही. फटींत गोचीड असतेच, आणि ती उपाशी राहून महिनोन् महिने तग धरते. आवाराबाहेर नेऊन जाळून टाका. रंग लावलेलं लाकूड आहे, चुलीत घालू नका. बिजागऱ्या चांगल्या असतील तर काढून उकळत्या पाण्यात टाका आणि पेट्यांना वापरा.